प्रश्न ठरत असतानाच बोलवा

समित्या नेमणाऱ्यांना, आणि त्यांची कार्यकक्षा लिहिणाऱ्यांना

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कुणाला मी ओळखत नाही, तुमचे मसुदे मात्र चांगले ओळखते. सल्लामसलतीच्या बैठकांचे इतिवृत्त लिहिणे हे माझे काम, त्यामुळे बैठकीआधी मसुदा वाचावाच लागतो. 'सदर समितीने अमुक समस्येचा अभ्यास करून उपाययोजना सुचवाव्यात' हे पहिले वाक्य. मग सदस्यांची नावे, मुदत, प्रवासभत्ता. उपाय कोण सुचवणार, किती दिवसांत सुचवणार, अहवाल कुणाला सादर करणार, सगळे लिहिलेले असते. अमुक ही समस्या आहे आणि ती अशीच आहे, हे कुणी ठरवले तेवढे नसते. माझे सगळे म्हणणे त्या पहिल्या वाक्याबद्दल आहे.

एक जुनी हकिगत सांगते. १९२३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ४२ हजारांहून अधिक लोकांनी एका अर्जावर सह्या केल्या. शहरातल्या प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवावे की ती ताशी २५ मैलांवर पळूच शकणार नाही, ही मागणी. त्या काळात तिथल्या शहरांत मोटारीखाली येऊन मरणाऱ्यांमध्ये लहान मुले पुष्कळ असत. रस्ता तोवर सगळ्यांचा होता. चालणाऱ्यांचा, फेरीवाल्यांचा, खेळणाऱ्या पोरांचासुद्धा. मोटार ही त्यात घुसलेली नवी आणि जिवावर उठलेली वस्तू. तेव्हा लोकांच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता: हिला आवरायचे कसे? मोटारविक्रेते एकवटले, जोरात प्रचार केला आणि मतदानात प्रस्ताव पडला. पण धोका किती मोठा आहे हे त्या धंद्याच्या लक्षात आले होते. पुढच्या काही वर्षांत मोटार क्लब आणि विक्रेत्यांच्या संघटना कामाला लागल्या. शाळांमधून रस्ता ओलांडण्याचे धडे सुरू झाले, वाटेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्याची जाहीर टिंगल झाली, मागोमाग दंड आले. दशक सरता सरता प्रश्न पार उलटला होता: चालणाऱ्यांना शिस्त लावायची कशी?

मरणारी मुले तीच होती, रस्तेही तेच. आरोपी तेवढा बदलला, आणि हा बदल कुठल्याही समितीने ठराव करून केला नाही. तो नकळत झाला, म्हणूनच टिकला. पुढची कित्येक दशके जगभरातल्या रस्ता सुरक्षेच्या समित्या त्याच प्रश्नाची उत्तरे शोधत बसल्या. त्यात प्रामाणिक, कष्टाळू माणसे होती. त्यांच्या हातात आलेला प्रश्नच आधी कुणीतरी सोयीने वळवून ठेवलेला होता.

तो पुन्हा फिरवायला १९९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑक्टोबरात स्वीडनच्या संसदेने ठरवले की रस्त्यावर कुणी मरणे किंवा कायमचे जायबंदी होणे हे मान्य करण्याजोगे नाही. नुसते एवढेच असते तर ती एक शुभेच्छा झाली असती. खरी गोम पुढच्या कलमात होती. माणूस चुकणारच, हे गृहीत धरायचे. रस्ता आखणारे, बांधणारे, वाहने बनवणारे यांनी अशी व्यवस्था करायची की चुकणाऱ्याला जीव गमवावा लागू नये. आणि लोकांनी नियम पाळले नाहीत, तरी जबाबदारी फिरून आखणाऱ्यांकडेच यायची. त्यांनी आणखी काहीतरी करायचे.

एकदा प्रश्न असा झाल्यावर हत्यारेही बदलली. समोरासमोर धडका होणाऱ्या रुंद रस्त्यांवर तीन मार्गिका आखल्या, मधली आलटून पालटून एकेका बाजूला ओलांडण्यासाठी दिली आणि मधोमध पोलादी तारांचा कठडा ताणला. डुलकी लागलेला चालक आता समोरच्या ट्रकवर न जाता तारांवर जातो. गाडी जाते, माणूस राहतो. चालणारे आणि मोटारी जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली, कारण त्यापुढच्या वेगात माणसाचे शरीर टिकण्याची शक्यता झपाट्याने घसरते. १९९७ मध्ये त्या देशात रस्त्यांवर सुमारे ५४० माणसे दगावली होती; वीस वर्षांनी तो आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. २००७ पर्यंत निम्म्यावर आणायचे मधले लक्ष्य मात्र सपशेल हुकले, हेही सांगून टाकते. प्रश्न नीट मांडला म्हणजे काम फत्ते, असा कुणाचा समज होऊ नये.

हे मी इतके लांबवले त्याला कारण आहे. प्रश्न कसा मांडला यावर टेबलाभोवती खुर्ची कुणाला मिळते ते ठरते. चालणाऱ्याची शिस्त हा प्रश्न असेल तर पोलीस आणि शिक्षक येतात. रस्त्याची आखणी हा प्रश्न असेल तर अभियंता येतो आणि त्याच्यामागून निधीचे लेखाशीर्ष येते. नमुन्यातले रकानेसुद्धा तिथेच ठरतात. अपघाताच्या फॉर्मवर 'चूक कोणाची' हा रकाना असेल आणि 'मध्ये कठडा होता का' हा नसेल, तर दहा वर्षांनी जमलेली आकडेवारी चुकणाऱ्यांचीच यादी असणार. मग कुणीतरी तुमच्यासमोर ती यादी ठेवून म्हणणार, बघा, पुरावाच आहे.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोन प्राध्यापकांनी १९७३ साली हे फार स्वच्छ लिहून ठेवले. गणित किंवा बुद्धिबळ एका जातीचे प्रश्न. सुटले की सुटले, आणि सुटले हे सगळ्यांना दिसते. गरिबी, गुन्हेगारी, शहरांची आखणी यांची जात वेगळी. त्यांना मी आपली चिवट प्रश्न म्हणते. या प्रश्नांची पक्की व्याख्या आधी करता येत नाही, कारण व्याख्येतच उपाय दडलेला असतो. गुन्हेगारी पोलीस कमी असल्यामुळे आहे म्हणालात, की पोलीस वाढवणे हा उपाय ठरूनच गेला. रोजगार नसल्यामुळे म्हणालात, तर दुसरा. या प्रश्नांना 'आता संपले' अशी रेघ नसते. आणि प्रयोग करून पाहू, जमले नाही तर पुसून टाकू, असेही नसते. बांधलेला महामार्ग पुसता येत नाही. त्या दोघांचा शेरा मला सर्वांत लागू वाटतो तो असा, की प्रश्न मांडणे हाच इथला मूळ प्रश्न आहे. पन्नास वर्षे झाली. मसुद्याचे पहिले वाक्य अजून जिथल्या तिथे आहे.

आता माझ्या टेबलावरून काय दिसते ते सांगते. इतिवृत्ताच्या शेवटी आमच्याकडे एक भाग असतो: 'विषयाबाहेरील मुद्दे'. तो फारसे कुणी वाचत नाही. अहवालात तर तो येतच नाही. एका बैठकीचा विषय होता वृद्ध निवासांतल्या खाटा वाढवणे. मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि बराच वेळ आपल्या इमारतीच्या जिन्याबद्दल बोलत राहिले. कठडा एकाच बाजूला आहे. वळणावर तो तुटतो आणि पुढच्या पाच पायऱ्यांनंतर पुन्हा सुरू होतो. चढताना तो उजव्या हाताला येतो, उतरताना डाव्या, आणि त्यांचा डावा हात चालत नाही. त्यामुळे ते चढू शकतात पण उतरू शकत नाहीत. आज कुणीतरी उचलून आणले म्हणून आले. सकाळी तासभर कुणी मदतीला आले आणि दुसऱ्या बाजूलाही कठडा बसला, तर खाटेचे नंतर बघू, असे ते म्हणाले. अध्यक्षांनी हसून, आदरानेच, मूळ विषयाकडे येण्याची विनंती केली. मी लिहिले: 'जिन्यासंबंधी एक मुद्दा उपस्थित झाला. विषयाबाहेरील.' नियमाप्रमाणे बरोबरच लिहिले.

त्या आजोबांनी सूचना दिली नव्हती. त्यांनी प्रश्न बदलून दिला होता. खाटा किती, या प्रश्नाऐवजी माणूस घराबाहेर का पडू शकत नाही हा प्रश्न घेतला असता, तर समितीत बांधकामवाले आले असते, घरी जाऊन मदत करणारे आले असते, आणि खाटांचा आकडा कदाचित वेगळा निघाला असता. कदाचित तोच निघाला असता. मी काही त्यातली तज्ज्ञ नाही. पण ते पाहण्याची वाटच बंद होती. 'हरकती व सूचना' मागवताना तुम्ही फॉर्मवर तीन ओळी ठेवता. हरकत घ्यायची ती उत्तरावर, सूचना करायची ती उत्तरात. प्रश्नावर हरकत घ्यायला जागा नाही.

ज्यांच्यावर बेतते त्यांनीच प्रश्न उलटवला तर काय होऊ शकते, याचे माझ्या माहितीतले सर्वांत ठसठशीत उदाहरण इंग्लंडमधले आहे. हॅम्पशायरमध्ये ल कोर्ट नावाचे अपंगांचे एक निवासगृह होते. १९६० च्या दशकात तिथले रहिवासी व्यवस्थापनाशी भांडत होते: झोपायची वेळ कुणी ठरवायची, बाहेर जाताना कळवून का जायचे, असल्या रोजच्या गोष्टींवरून. आपली बाजू तटस्थ माणसांनी पाहावी म्हणून त्यांनी स्वतःहून टॅव्हिस्टॉक संस्थेच्या संशोधकांना अभ्यासाला बोलावले. संशोधक आले, अशा अनेक संस्था त्यांनी पाहिल्या, आणि १९७२ साली निष्कर्ष छापला. समाजाच्या लेखी मेलेल्या माणसांना प्रत्यक्ष मृत्यूपर्यंत सांभाळून नेणे, हे या संस्थांचे काम आहे, असे त्यांचे निदान होते. हे क्रूर आहे हे त्यांनाही कळत होते. तरी शिफारशी केल्या त्या कारभार सुधारण्याच्या. म्हणजे संस्था चांगली कशी चालवावी. रहिवाशांचा प्रश्न होता, आम्ही इथे का आहोत?

पॉल हंट हे याच निवासगृहात राहिलेले. १९७२ च्या सप्टेंबरात 'गार्डियन'मध्ये त्यांचे एक छोटे पत्र आले. अपंगांनी आपली स्वतःची संघटना काढावी असे आवाहन. त्यातून उभ्या राहिलेल्या गटाने १९७६ साली आपली भूमिका छापली. शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही वेगळी. अपंगत्व समाज लादतो, त्याच्या पायऱ्यांतून, बसगाड्यांतून, नोकरीच्या अटींतून. आज हे आपल्याला नवे वाटत नाही. पण तोपर्यंत या विषयावरच्या समित्यांत वैद्यक आणि धर्मादाय हीच दोन खाती असत. प्रश्न उलटल्यावर वास्तुरचनाकार, वाहतूक खाते, कामगार कायदा, सगळ्यांनाच जाब द्यावा लागला, आणि २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारापर्यंत ती मांडणी पोहोचली. निष्णात संशोधकांना वर्षानुवर्षांच्या अभ्यासात जे दिसले नाही, ते तिथे राहणाऱ्यांना दिसले. ते अधिक हुशार होते म्हणून नव्हे. झोपायची वेळ त्यांची ठरत होती म्हणून.

इथे एक आडवे वळण घेते, कारण तुमच्यातल्या अनुभवी माणसांच्या ओठांवर ते आलेच असेल. प्रश्नच बदलू या, म्हणणारा प्रत्येक जण सज्जन नसतो. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत एक निवेदन छापले. धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारे प्रयोग निर्णायक नाहीत, आम्ही अधिक संशोधनाला मदत करू, असा त्याचा सूर. मिटत आलेला प्रश्न त्यांनी पुन्हा उघडा करून ठेवला आणि त्यावर कित्येक वर्षे काढली. सिनसिनाटीतही पाहिलेच की. प्रश्न फिरवण्याची कला ज्यांना उत्तम येते, ती मंडळी बहुधा पैसेवाली असतात. म्हणून मी सरसकट सगळे प्रश्न पुन्हा उघडा असे म्हणत नाही. जिथे कारण कळले आहे आणि उपाय हातात आहे, तिथे कृपया कामाला लागा, चर्चासत्र भरवू नका. एक साधी कसोटी मी वापरते: प्रश्न बदलल्याने कुणाला सवड मिळते? ज्याच्याकडून नुकसान होते त्याला मिळत असेल तर सावध. ज्याचे नुकसान होते त्याला श्वास घ्यायला मिळत असेल तर ऐकून घ्या.

आता दुसरा भाग: भविष्य. तुमच्या अहवालांच्या शेवटी एक प्रकरण असते, वीस-तीस वर्षांनंतरचे. त्यात एक आलेख असतो, ज्यात आजची रेघ तशीच वर जाते, आणि एक चित्र असते. चित्रात काचेच्या इमारती, भरपूर झाडे, सायकलवरून जाणारी तरुण माणसे. त्या चित्रांत म्हाताऱ्या माणसांना जागा नसते आणि कचरा उचलताना कुणी दिसत नाही, याची मला गंमत वाटते. ते भविष्य कुणी जगून पाहिल्यासारखे नसते, विकायला काढल्यासारखे असते. लोकांना दाखवून विचारतात, आवडले का? हो किंवा नाही.

एकत्र बसून भविष्याची कल्पना करणे हे वेगळे काम आहे. ते कसे करतात याचा एक चांगला दाखला १९९१-९२ मधल्या दक्षिण आफ्रिकेचा. मंडेला तुरुंगातून सुटले होते, वाटाघाटी अडखळत होत्या, हिंसाचार चालू होता. स्टेलनबॉशजवळ माँ फ्लूर नावाच्या ठिकाणी २२ माणसे जमली: आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधली, कामगार संघटनांतली, बड्या उद्योगांतली, विद्यापीठांतली. एरवी एकमेकांच्या छातीवर बसणारी. सूत्रसंचालन ॲडम कहान यांचे. ते शेल कंपनीत भविष्यचित्रे रचण्याच्या विभागात होते. नियम एकच होता. 'काय व्हायला हवे' असे बोलायचे नाही. 'काय होऊ शकते, आणि कशामुळे' एवढेच बोलायचे. समोरच्याची गोष्ट पटली नाही तर 'मला हे नको' असे म्हणून ती पाडता येत नव्हती, 'हे कशामुळे घडते, पुढे काय होते' एवढेच विचारता येई.

शेवटी चार गोष्टी उरल्या. शहामृग: सरकार वाळूत डोके खुपसून बसते, खरी वाटाघाट टाळते. लंगडे बदक: तडजोड होते पण सत्तांतर इतके लांबते आणि इतके बांधलेले असते की कुणालाच काही करता येत नाही. इकारस: नवे लोकप्रिय सरकार येते, ऐपतीबाहेर खर्च करते आणि मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेलेल्या, ग्रीक पुराणकथेतल्या इकारससारखे कोसळते. आणि रोहित पक्ष्यांचे उड्डाण: सावकाश, पण सगळे मिळून. यातली पहिली गोष्ट गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या वर्मी लागणारी होती, तिसरी डाव्यांच्या. आणि ती तयार झाली तेव्हा डावेही त्याच बैठकीत बसलेले होते. १९९२ च्या मध्यावर या चारही गोष्टी वर्तमानपत्राच्या पुरवणीतून लोकांपुढे गेल्या. त्या २२ जणांतले ट्रेव्हर मॅन्युएल पुढे अर्थमंत्री झाले, टिटो म्बोवेनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर.

इकारसच्या गोष्टीने नव्या सरकारचे हात आधीच बांधले, गरिबांवरचा खर्च आखडता ठेवायला निमित्त दिले, अशी टीका नंतर झाली. मला ती टीका निकालात काढण्यासारखी वाटत नाही. त्या २२ जणांना कुणी निवडले होते? खाणीत उतरणारी, घरकाम करणारी माणसे तिथे असती तर पाचवी गोष्ट निघाली असती का? पुन्हा आपण पहिल्या वाक्यापाशीच येतो. पण पद्धत म्हणून तिच्यात दम आहे. एकमत होण्याची अट घातली की माणसे आपापल्या खंदकात उतरतात. काय काय घडू शकते याची यादी करताना तीच माणसे एकमेकांना माहिती पुरवू लागतात. बाजू तशाच राहतात, फक्त नकाशा एक होतो.

जपानमध्ये तात्सुयोशी साइजो या अर्थशास्त्रज्ञाच्या गटाने २०१५ च्या सुमारास इवाते प्रांतातल्या याहाबा गावी वेगळी युक्ती केली. गावाचा पुढचा आराखडा करताना रहिवाशांचे गट पाडले. काही गट आजचे म्हणूनच बोलले. काहींना सांगितले, तुम्ही २०६० सालचे रहिवासी आहात. त्यांनी अंगावर खास डगले चढवले आणि त्या माणसांच्या वतीने बोलले. आजचे गट आजच्या अडचणींतून पुढे सरकत राहिले. २०६० वाल्यांनी अवघड प्रश्नांना आधी हात घातला आणि गावाकडे काय आहे ते वेगळ्या नजरेने पाहिले. डगल्याला हसू येईल, मलाही आले होते. पण तुमच्या टेबलावर अजून जन्माला न आलेल्यांच्या वतीने कोण बोलते, याचे दुसरे उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा. समाजशास्त्रज्ञ एलिस बोल्डिंग यांनी १९८० च्या दशकात शस्त्रमुक्त जगाच्या कार्यशाळा घेतल्या, त्यात तर लोकांना तीस वर्षे पुढे जाऊन उभे राहायला आणि तिथून मागे वळून 'हे कसे घडले' ते आठवायला सांगत. पुढे काय करायचे हे सुचत नसलेल्या माणसालाही 'कसे झाले' हे सांगता येते. करून पाहा.

आता शेवटचे आणि सर्वांत कडू. बोलावून घेतल्यावर पुढे काय? फ्रान्समध्ये २०१९-२० साली चिठ्ठ्या टाकून १५० नागरिक निवडले. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायू किमान ४० टक्क्यांनी घटवायचे, तेही सामाजिक न्याय सांभाळून, कसे ते सांगा, असा प्रश्न त्यांना दिला. त्यांनी १४९ प्रस्ताव दिले. राष्ट्राध्यक्षांनी 'गाळणी न लावता' ते पुढे नेण्याचे वचन दिले होते; मग तीन बाजूला काढले, बाकीच्यांतले कितीतरी पातळ केले. २०२१ च्या सुरुवातीला त्याच नागरिकांनी सरकारच्या प्रतिसादाला गुण दिले, तेव्हा सरासरी १० पैकी ४ सुद्धा पडले नाहीत. लोकांना प्रश्न ठरवू द्यायचा नाही, उत्तर मात्र मागायचे, आणि आलेले उत्तर गाळायचे, याने जे नुकसान होते ते न बोलावण्याने होत नाही. न बोलावलेला माणूस निदान पुढच्या वेळी येतो.

याच्या उलट, बेल्जियममधल्या जर्मन भाषकांच्या छोट्या प्रदेशात, लोकसंख्या जेमतेम ७७ हजार, २०१९ साली संसदेने एकमताने एक कायमची व्यवस्था केली. चिठ्ठीने निवडलेल्या २४ नागरिकांची परिषद. दीड वर्षाची मुदत. आणि चर्चेचा विषय ठरवण्याचा अधिकार तिचा. विषय नागरिकही पाठवू शकतात, शंभर सह्या हव्यात. तो विषय मग चिठ्ठीनेच निवडलेल्या दुसऱ्या सभेकडे जातो. सभेच्या शिफारशी संसदेला चर्चेला घ्याव्याच लागतात, आणि फेटाळायच्या तर कारण सांगावे लागते. परिषदेने पहिला विषय निवडला तो शुश्रूषेचा: ज्यांना काळजीची गरज आहे आणि जे ती घेतात, त्या दोघांची स्थिती कशी सुधारेल. शुश्रूषा घेणारे आणि देणारे त्या वाक्यात एका ओळीत आले, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या बैठकीत ते दोन स्वतंत्र विभागांचे विषय होते, दोन वेगळ्या तारखांना.

तेव्हा मागणे असे. पुढच्या समितीची कार्यकक्षा लिहाल तेव्हा समस्येचे वाक्य तुम्ही लिहू नका. विषयाचे क्षेत्र सांगा, हातात किती पैसा आणि किती अधिकार आहे ते सांगा, कायद्याच्या मर्यादा सांगा. हे लपवून 'मोकळेपणाने बोला' म्हणणे ही फसवणूक आहे. समस्या काय आहे हे मात्र ज्यांच्यावर बेतते त्यांच्या तोंडून येऊ द्या, एकूण मुदतीतला निदान तिसरा हिस्सा त्यासाठी ठेवा. एकापेक्षा जास्त मांडण्या निघतील आणि त्या एकमेकींशी जुळणार नाहीत. त्या तशाच, शेजारी शेजारी, अहवालात छापा. तुम्ही त्यातली एक निवडाल, ते तुमचे कामच आहे. पण बाकीच्या का सोडल्या ते सहीनिशी लिहा. 'विषयाबाहेरील मुद्दे' परिशिष्टात शब्दशः द्या; पुढची समिती नेमताना आधी तेच वाचा. भविष्याचे एकच चित्र आणू नका, आणि आणलेल्यांत एक तरी तुमच्या स्वतःच्या खात्याला अडचणीत आणणारे असू द्या.

वेळ नाही, असे तुम्ही म्हणाल. मी ज्या अहवालांची इतिवृत्ते लिहिली त्यातले कितीतरी विषय काही वर्षांनी नव्या क्रमांकाने परत आले, तीच समस्या, तेच पहिले वाक्य. तो वेळ कुणी मोजत नाही. लोकांना गुंतागुंत कळत नाही, असेही म्हणाल. ज्याला चढता येते पण उतरता येत नाही, त्याला जिन्याची गुंतागुंत तुमच्या सल्लागारापेक्षा थोडी जास्त कळते.

आणि काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या मसुद्यात कधीच नसतात. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली तर ज्यांचा रोज बुडतो ते येणार नाहीत. बुडालेल्या रोजाची भरपाई प्रवासभत्त्याच्याच ओळीत मंजूर करा, आणि बैठकीच्या ठिकाणीच द्या, नंतर बिल मागवू नका. मुलांना सांभाळायला कुणीतरी नेमा. खोली तळमजल्यावर घ्या. कागद आठवडाभर आधी आणि रोजच्या बोलीत पाठवा. पहिल्या बैठकीत सादरीकरण ठेवू नका. पडदा लागला की सगळे तिकडे बघतात आणि गप्प बसतात. इतिवृत्त लिहिणाऱ्याला सांगून ठेवा की त्या दिवशी विषयाबाहेर असे काही नाही.

कळावे,

आपली,
इतिवृत्त लिहिणारी